सिग्नलला गाडी थरथरते, चेक इंजिनचा दिवा लुकलुकतो. मिसिंग नेमकं कुठून?

मुलुंड_पूर्व | ८ जुलै, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. गाडी २०१८ ची, १२०० सीसी, चार सिलिंडर, पेट्रोल आणि कंपनीतूनच बसवून आलेलं सीएनजी. ८७ हजार किलोमीटर झालेत. रोज मुलुंड ते फोर्ट, ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेने चेंबूर आणि तिथून फ्रीवे. जवळजवळ सगळं धावणं सीएनजीवरच.

गेल्या गुरुवारी रात्रभर पाऊस कोसळत होता. सकाळी गाडी चालू केली तर पहिली दोन मिनिटं इंजिन असं हादरत होतं की आरसा थरथरत होता. फ्रीवेवर बोगद्याच्या आधी पिकअपच मिळेना, गाडी धक्के खायला लागली आणि चेक इंजिनचा पिवळा दिवा लुकलुकायला लागला. फ्रीवेवर थांबायला जागा नाही, मागे टँकर. तशीच हळूहळू खाली उतरवली. त्या दहा मिनिटांत हात घामाने ओले झाले होते, खरं सांगते.

सर्व्हिस सेंटरला नेली. अर्ध्या तासात सांगितलं, इंधन फवारणाऱ्या इंजेक्टरचा सेट जाणार, इंजिनचा कंप्युटर म्हणजे ईसीयूही बघावा लागेल, अंदाजे ४६ हजार. मी विचारलं, कशावरून? उत्तर आलं, अशा गाड्यांत हेच होतं मॅडम. मला ते पटलं नाही, म्हणून गाडी परत आणली. गाडी लोनवर घेतलेली आहे, शेवटचा हप्ता मार्चमध्ये फिटला. पैसे घालायला माझी ना नाही, पण कशासाठी घालतेय ते कळलं पाहिजे. कुठून सुरुवात करू?

रोज_फ्रीवे | ८ जुलै, रात्री ११:०५

ताई, सगळ्यात आधी एक. दिवा नुसता पेटलेला असेल तर गाडी जपून घरी नेता येते. लुकलुकत असेल तर ॲक्सिलरेटरवरचा पाय काढायचा आणि शक्य तितक्या लवकर गाडी बाजूला घ्यायची. लुकलुकणं म्हणजे मिसिंग इतकं जास्त आहे की न जळलेलं इंधन सायलेन्सरच्या वाटेवरच्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे पेटतंय. आतली जाळी त्या उष्णतेने वितळते. तिच्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं, त्यामुळे तो एक पार्ट अख्ख्या इंजिनकामापेक्षा महाग पडू शकतो. शोध लागेपर्यंत ऑफिसला लोकलने जा.

कळवा_सीएनजी | ८ जुलै, रात्री ११:२०

बिल्डिंगखाली उंदीर आहेत का? पावसाळ्यात ते बॉनेटमध्ये येऊन बसतात आणि वायर कुरतडतात. माझ्याकडे इंजेक्टरचीच वायर खाल्ली होती. टॉर्च घेऊन वायरिंगचे गठ्ठे बघा.

भांडुप_गॅरेज | ९ जुलै, सकाळी ७:१५

मॅडम, मी तीस वर्षं हेच काम करतोय. ४६ हजार तूर्त कपाटातच राहू द्या. मिसिंग म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये मिश्रण नीट जळत नाही, एवढंच. जळायला तीन गोष्टी लागतात: ठिणगी, योग्य प्रमाणात इंधन आणि दाब. यातलं काय कमी पडतंय ते तपासून काढायचं असतं. पार्ट बदलत बसणं म्हणजे तपासणी नव्हे.

मला सांगा, नुसत्या पेट्रोलवर चालवली तर थरथर जाते का? गाडी थंड असताना जास्त होते की गरम झाल्यावर? आणि ईसीयूने बिघाडाचा कोड काय दिलाय? सर्व्हिस सेंटरने कोड लिहून दिला नसेल तर तो वाचणारा ब्लूटूथचा छोटा ओबीडी स्कॅनर मागवा, हजाराच्या आतबाहेर मिळतो. एप्रिल २०१३ नंतरच्या गाड्यांना स्टिअरिंगखाली त्याचा सॉकेट असतो. पी०३०० आला तर मिसिंग कुठल्याही सिलिंडरला, ठरावीक नाही. पी०३०१ ते पी०३०४ मध्ये शेवटचा आकडा म्हणजे सिलिंडरचा नंबर. ईसीयूला हे कळतं कसं, तर क्रँकच्या, म्हणजे इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, सेन्सरवरून. रिकाम्या रेसला, म्हणजे ॲक्सिलरेटरला पाय न लावता, ८०० आरपीएमला प्रत्येक सिलिंडर मिनिटाला ४०० वेळा पेटतो. एखादा पेटला नाही की क्रँक तेवढ्यापुरता मंदावतो, आणि तो कुणाच्या पाळीला मंदावला यावरून नंबर ठरतो.

कोड वाचा, लिहून ठेवा, मगच पुसा. आधी पुसू नका.

लोअरपरळ_८९ | ९ जुलै, दुपारी १:३०

हे सगळं ई२० पेट्रोलमुळे होतंय. जुन्या गाड्यांना २० टक्के इथेनॉल झेपत नाही. माझंही मायलेज उतरलंय.

भांडुप_गॅरेज | ९ जुलै, दुपारी २:१०

मायलेजचं खरं आहे, इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा कमी. जुन्या गाड्यांचे रबरी होस आणि सील यांची काळजीही रास्त आहे. पण मॅडमची गाडी सीएनजीवर थरथरली, तेव्हा पेट्रोल टाकीतच होतं. आणि टाकी सगळ्या सिलिंडरना एकच. इंधन खराब असतं तर चौघांनाही त्रास झाला असता. एकच सिलिंडर रुसला असेल तर कारण त्या सिलिंडरपाशी शोधायचं. कोड येऊ द्या.

मुलुंड_पूर्व | १० जुलै, रात्री ९:५०

स्कॅनर आला. कोड पी०३०२. थंड असताना जास्त, दहा मिनिटांनी कमी. पेट्रोलवरही होते, पण सीएनजीवर बरीच जास्त. उंदराची खूण नाही, वायरी शाबूत आहेत.

भांडुप_गॅरेज | १० जुलै, रात्री १०:३०

पाऊस, थंड असताना जास्त, सीएनजीवर जास्त. तिन्ही बोटं ठिणगीकडे दाखवतात. सीएनजीच्या मिश्रणातून ठिणगी उडवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं. म्हणून ठिणगी पाडणारा प्लग किंवा त्याला व्होल्टेज देणारी कॉइल किंचित जरी कमजोर झाली तरी आधी सीएनजीवर दिसतं, पेट्रोलवर महिना-दोन महिने झाकून जातं.

आता काम. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. हेड, म्हणजे इंजिनचा वरचा भाग, ॲल्युमिनियमचं असतं, गरम असताना प्लग काढला तर आटे निघून येतात. दोन नंबरची कॉइल काढा, टॉर्चने खाली प्लगच्या विहिरीत, म्हणजे तो बसतो त्या खोल भोकात, बघा आणि जे दिसेल ते लिहा. मग दोनची कॉइल तीनवर आणि तीनची दोनवर टाका, कोड पुसून चालवा. कोड तीनवर सरकला तर कॉइल गेली. दोनवरच राहिला तर प्लगची अदलाबदल करा. दुखणं कुठल्या पार्टबरोबर सरकतं ते बघायचं, याला एक रुपया लागत नाही.

आणि एक. जुन्या गाड्यांत चालू इंजिनची प्लग-वायर ओढून बघायचे, तसं या कॉइलच्या बाबतीत कुणी सांगितलं तरी करू नका. झटका बसतो आणि ईसीयूमधलं कॉइल चालवणारं सर्किट जळू शकतं. एखादा सिलिंडर बंद करून बघायचाच असेल तर इंजेक्टरचा कनेक्टर काढतात.

मुलुंड_पूर्व | १२ जुलै, दुपारी १२:२०

काका, तुम्ही म्हणालात तसंच निघालं. रविवारची सकाळ गाडीपाशी गेली.

दोन नंबरची कॉइल वर ओढली तशी ती चप्प आवाज करून सुटली. विहिरीत पाणी! बोटभर नसेल, पण प्लगचा षटकोन अर्धा बुडालेला होता. कॉइलच्या टोकाची स्प्रिंग हिरवट, रबराच्या नळीवर आतून पेन्सिलने ओढल्यासारखी काळी बारीक रेघ. बाकीच्या तिन्ही विहिरी कोरड्या.

पाणी आलं कुठून ते शोधायला तासभर लागला. आमची गाडी सोनमोहराखाली उभी असते. वायपरच्या खालची जाळी उघडली तर आत पिवळ्या फुलांचा आणि पानांचा कुजलेला लगदा, दोन मुठी भरून. पाणी जायची भोकं पूर्ण बंद. काचेवरून उतरलेलं पाणी तिथे साचून इंजिनवर ठिबकत होतं, आणि नेमकं दोन नंबरच्या वर.

पाणी कपड्याने टिपलं, कॉइलची अदलाबदल केली. चालू केल्यावर कोड आला पी०३०३. म्हणजे कॉइलच.

भांडुप_गॅरेज | १२ जुलै, दुपारी १:००

शाबास. ती काळी रेघ म्हणजे करंटने रबर जाळून काढलेली पळवाट. एकदा तो रस्ता पडला की ठिणगी प्लगच्या टोकाशी न जाता तिथूनच उडते. पुसून फायदा नाही. कॉइल नवीन घ्या. प्लग किती चाललेत?

मुलुंड_पूर्व | १२ जुलै, दुपारी १:१५

बिलं चाळली. ४१ हजारावर बदलले होते, म्हणजे ४६ हजार किलोमीटर झालेत.

भांडुप_गॅरेज | १२ जुलै, दुपारी १:२५

मग चारही बदला, निकेलचे असतील तर त्यांचं आयुष्य कधीच संपलंय. सीएनजीसाठी प्लगच्या टोकाची गॅप पेट्रोलपेक्षा कमी ठेवतात, तुमच्या पुस्तिकेत आकडा असेल. हाताने घट्ट होईपर्यंत फिरवा, पान्याचा जोर शेवटीच. नवा वॉशर असेल तर बसल्यावर साधारण अर्धा फेरा पुरे. आणि प्लग ओळखीच्या दुकानातून घ्या. नकली प्लगचं खोकं इतकं हुबेहूब असतं की मीही एकदा फसलोय.

मुलुंड_पूर्व | १४ जुलै, रात्री ८:३०

कॉइल २१००, चार प्लग ६४०. गाडी लोण्यासारखी चालतेय. सगळ्यांचे मनापासून आभार. वायपरखालची जाळी दर पंधरा दिवसांनी साफ करायचं ठरवलंय.

ठाणे_घोडबंदर | १५ जुलै, सकाळी ९:००

अभिनंदन! ४६ हजारांचं काम पावणेतीन हजारांत.

मुलुंड_पूर्व | २ ऑगस्ट, रात्री ९:१०

धागा वर आणतेय. काल दादरहून येताना सायनच्या सिग्नलला सीएनजीवर पुन्हा थरथर. या वेळी दिवा लुकलुकला नाही, नुसता पेटला. कोड पी०३०३. पाऊस नव्हता, विहिरी चारही कोरड्या. आणि या खेपेला उलटं आहे: थंड असताना काही नाही, अर्ध्या-पाऊण तासाने इंजिन तापलं की सिग्नलला सुरू होतं. रेस दिली की लगेच जातं. पेट्रोलवर अगदी किंचित. खूप खट्टू झालेय.

रोज_फ्रीवे | २ ऑगस्ट, रात्री ९:३०

ताई, अदलाबदलीत ती खराब कॉइल तीनवर टाकली होती ना? चुकून तीच तिथे राहिली असेल.

मुलुंड_पूर्व | २ ऑगस्ट, रात्री ९:४०

नाही हो. जुनी कॉइल ड्रॉवरमध्ये आहे, आत्ता बघितली. तरी तीनची कॉइल आणि प्लग दोन्ही चारवर टाकून बघते.

कळवा_सीएनजी | २ ऑगस्ट, रात्री १०:१५

फक्त सीएनजीवर असेल तर गॅसचा फिल्टर बदलून बघा, माझा काळा तेलकट निघाला होता. गॅसचे इंजेक्टरही चिकटतात.

मुलुंड_पूर्व | ४ ऑगस्ट, रात्री ८:००

कॉइल आणि प्लग चारवर टाकले. कोड तीनवरच. फिल्टर बदलला, ३५० रुपये, काही फरक नाही. तीन आणि चारचे गॅस इंजेक्टर गॅरेजमध्ये अदलाबदल करून घेतले. कोड तीनवरच.

भांडुप_गॅरेज | ४ ऑगस्ट, रात्री ९:२०

मॅडम, खट्टू होऊ नका. तुम्ही अर्धं काम करून ठेवलंय. ठिणगी सरकवून पाहिली, इंधन सरकवून पाहिलं, दुखणं जागचं हललं नाही. उरला दाब.

गरम झाल्यावर, रिकाम्या रेसला, रेस दिली की गायब, आणि गाडी आयुष्यभर सीएनजीवर. मला एक्झॉस्ट व्हॉल्व्हचा, म्हणजे जळलेला धूर बाहेर सोडणाऱ्या झडपेचा, संशय आहे. पेट्रोलचे थेंब आत येताना व्हॉल्व्हला थोडा थंडावा आणि ओलावा देतात. सीएनजी कोरडा वायू, तो काही देत नाही. हजारो किलोमीटर आपटून आपटून व्हॉल्व्ह आपल्या सीटमध्ये रुतत जातो. सीटमध्ये रुतला की त्याचं दुसरं टोक वर सरकतं आणि टॅपेटची फट, म्हणजे ते टोक आणि त्याला ढकलणारा कॅम यांच्यातलं अंतर, कमी होते. लोक समजतात, झिजेने फट वाढते आणि टकटक आवाज येतो. इथे उलट. आवाज येतच नाही, इंजिन पूर्वीपेक्षा शांत वाटतं, म्हणून कुणाला शंका येत नाही. थंड असताना केसभर फट असते. तापल्यावर व्हॉल्व्हचा दांडा लांबतो, फट संपते आणि कॅम त्याला पूर्ण मिटूच देत नाही. मग दाब गळतो. रिकाम्या रेसला गळायला भरपूर वेळ मिळतो, जोरात रेस असली की मिळत नाही. म्हणून रेस दिल्यावर बरं वाटतं.

कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे सिलिंडरमधल्या दाबाची मोजणी, करून घ्या, थंड आणि गरम अशी दोन्ही वेळा. चारही प्लग काढून, इंधन आणि कॉइलचे कनेक्टर काढून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून, बॅटरी चार्ज असताना, प्रत्येकाला पाच-सहा वेळा क्रँक, म्हणजे स्टार्टरने इंजिन फिरवणं. गरम इंजिनचे प्लग काढायचे तर गॅरेजवाल्याच्या हातून. सिलिंडरमधला फरक दहा-पंधरा टक्क्यांपेक्षा जास्त नको. कमी आला तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चढला तर पिस्टनच्या रिंग, नाही चढला तर व्हॉल्व्ह.

आणि तोवर अंगावर काढू नका. न मिटणारा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो, मग हेड उतरवावं लागतं.

मुलुंड_पूर्व | ९ ऑगस्ट, सायंकाळी ६:४५

काका, गाडी भांडुपला तुमच्याकडेच आणली असती, पण आमच्या गल्लीतल्या मेकॅनिकदादांनी दाब मोजायचं गेज मागवून घेतलं आणि तुमचा अख्खा मेसेज माझ्या फोनवर दोनदा वाचला. आकडे देते, पीएसआयमध्ये.

थंड: १७०, १६८, १४६, १७२.
गरम: १७४, १७०, ९४, १७३.

ऑइल टाकून तिसरा ९८. म्हणजे व्हॉल्व्ह.

आज टॅपेट कव्हर उघडलं. मी शेजारी उभी होते. दादांनी फट मोजायच्या फीलर गेजची पानं एकेक करून सरकवली. आमच्या पुस्तिकेत एक्झॉस्टची थंड फट ०.२७ ते ०.३३ मिलिमीटर. एक, दोन आणि चारला ०.१८ ते ०.२२ निघाली, तीही कमीच. तीनच्या एका व्हॉल्व्हला ०.१०. दुसऱ्याला ०.०५ चं पान शिरेचना. ०.०४ चं कसंबसं गेलं, घासत. दादांनी ते पान माझ्या हातात दिलं. सिगारेटच्या चांदीच्या कागदासारखं, धरलं की वाकतं. एवढ्याशा फटीवर माझा सायनचा सिग्नल अडला होता!

भांडुप_गॅरेज | ९ ऑगस्ट, रात्री ७:३०

सापडलं. तुमच्या इंजिनला स्क्रूचं सेटिंग नाही, वाटीसारखे टॅपेट असतात, प्रत्येकाच्या आत जाडी छापलेली. हिशोब सोपा: जुनी जाडी अधिक मोजलेली फट वजा हवी असलेली फट. कॅमशाफ्ट काढावा लागेल, तो फिरवणाऱ्या टायमिंग चेनच्या खुणा आधी रंगाने करून घ्या, फोटोही काढा. आठही एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आत्ताच करा, बाकीचे त्याच रस्त्याने निघालेत.

नवे टॅपेट टाकल्यावर लगेच बंद करू नका. पुन्हा कॉम्प्रेशन घ्या. नाही चढलं तर व्हॉल्व्ह जळलाय, मग हेड उतरवून सीट घासणं आलं.

मुलुंड_पूर्व | १६ ऑगस्ट, रात्री १०:०५

काल सुट्टी होती, आज दुपारी गाडी मिळाली.

तीनच्या त्या टॅपेटवर ३.३६ छापलं होतं. ३.३६ अधिक ०.०४ वजा ०.३० म्हणजे ३.१०. मी कागदावर मांडलं, दादांनी तोंडी केलं, दोघांचं उत्तर एकच आलं. आठ टॅपेट कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर मिळाले नाहीत, डीलरकडून तीन दिवसांनी आले. टॅपेट ३६००, कव्हरचं गॅस्केट ६५०, मजुरी ५०००. म्हणजे ९२५०.

कॅम बसवून कव्हर ठेवायच्या आधी दादांनी सगळ्या फटी पुन्हा मोजल्या, ०.२९ ते ०.३१. कव्हर लावून इंजिन पंख्यावर येईपर्यंत तापवलं आणि तिसऱ्याला गेज लावलं. काटा १४० ला किंचित अडखळला तेव्हा माझा श्वास अडकला होता, मग १६५ वर जाऊन थांबला. व्हॉल्व्ह वाचला.

संध्याकाळी मुद्दाम सायनपर्यंत जाऊन आले, सीएनजीवर, एसी लावून. तीन सिग्नल लागले. स्टिअरिंगवर हात ठेवून बसले होते, काहीही नाही. इंजिन आता पूर्वीपेक्षा किंचित टिकटिकतं.

भांडुप_गॅरेज | १६ ऑगस्ट, रात्री १०:२०

ती टिकटिक हवीच. ती ऐकू यायची थांबली की माझ्याकडे या. आणि दर ४० हजार किलोमीटरला फट मोजून घ्या, टकटक नसली तरी. दर महिन्याला एखादा दिवस टाकीभर पेट्रोलवरही चालवा, पेट्रोलचे इंजेक्टर पडून चिकटतात.

ठाणे_घोडबंदर | १७ ऑगस्ट, सकाळी ८:४०

काका, माझी पण सीएनजी, ९५ हजार झालेत, काही त्रास नाही, आवाज अजिबात नाही. तुमचं वाचून झोप लागली नाही. नुसती फट मोजायला किती घेता?

भांडुप_गॅरेज | १७ ऑगस्ट, सकाळी ९:१०

कव्हर उघडून मोजायचे ८००, गॅस्केट लागलं तर वेगळं. इंजिन रात्रभर थंड झालेलं हवं, तेव्हा आदल्या संध्याकाळी गाडी सोडून जा. शनिवारी ये.